घड्याळं आणखी अचूक कशाला?

'सेकंदाचा अब्जावा भाग मोजता येतो, आता आणखी काय हवंय?' हे नेहमी ऐकू येणारं म्हणणं मला पटलं नाही. दादरच्या आमच्या चाळीत तळमजल्यापेक्षा दहा मीटर उंच गच्चीवर, पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणामुळे, वेळ किंचित भरभर धावते. किती? साधारण तीन कोटी वर्षांत एक सेकंद. २०२२ मध्ये अमेरिकेत भौतिकशास्त्रज्ञ जुन ये यांच्या गटाने अणुघड्याळाने असाच फरक जेमतेम एक मिलिमीटर उंचीत टिपला! साबुदाण्याहून लहान ढग, लेसरच्या जाळीत धरलेले स्ट्रॉन्शियम या धातूचे थंडगार अणू, आणि त्यातले वरचे खालच्यांपेक्षा पुढे. वाचताना अंगावर काटा आला.

२०२४ मध्ये तर शास्त्रज्ञांनी थोरियम-२२९चं अणुकेंद्रकच लेसरने उद्दीपित केलं, म्हणजे वरच्या ऊर्जापातळीवर नेलं. केंद्रक बाहेरच्या विद्युतक्षेत्रांना फारशी दाद देत नाही, त्यामुळे त्यावर चालणारं घड्याळ आणखी स्थिर ठरू शकतं; म्हणून माझं लक्ष आता तिकडे लागलंय.