राणी गेली तेव्हा तुम्ही कुठे होतात? (अनुभव धागा)

अबोली :
सोमवारी, १९ सप्टेंबर २०२२ ला, एलिझाबेथ राणीचा अंत्यविधी झाला आणि सगळं आटोपलं. बारा दिवस इथे इंग्लंडात दुसरा विषय नव्हता. बस थांब्यांवरच्या जाहिराती काढून तिथे राणीचे फोटो लावले होते, ते आता हळूहळू उतरताहेत.

राजेशाही असावी की नसावी, कोहिनूर कधी परत देणार, यावर भांडायला बाकीचे धागे मोकळे आहेत. इथे तुमच्या बाबतीत काय घडलं तेवढंच लिहा. काहीच वाटलं नसेल तर तेही चालेल, पण कुठे बसून काही वाटलं नाही ते सांगा.

सुरुवात मीच करते. ८ सप्टेंबर, गुरुवार. आमच्याकडे दहा दिवसांचा गणपती, दुसऱ्या दिवशी विसर्जन. दुपारी साडेबाराला राजवाड्याचं निवेदन आलं की डॉक्टरांना राणीच्या तब्येतीची काळजी वाटते. माझा इंग्रज साहेब ते वाचून खुर्चीत मागे टेकला आणि म्हणाला, "म्हणजे संपलंच." मला कळेना, नुसती काळजी तर म्हणताहेत. तो म्हणाला, राजवाडा एवढंसुद्धा कधी बोलत नाही.

संध्याकाळी आरतीला वीसेक माणसं होती. साडेसहाच्या सुमाराला सगळ्यांचे फोन खिशात एकदम थरथरले. एकदोघांनी काढून पाहिले. मामंजी डोळे मिटूनच म्हणाले, "आधी मंत्रपुष्पांजली." मग काय, म्हटली. "साम्राज्यं भौज्यं स्वाराज्यं" आलं तेव्हा नवरा माझ्याकडे बघून हसला. एरवी मीही हसले असते.

रात्री शेजारच्या आजींकडे मोदक घेऊन गेले. वय ८४, एकट्या राहतात. दार उघडलं तेव्हा डोळे लाल. "मंगळवारी तर कामावर होती ती," एवढंच दोनदा म्हणाल्या. खरंच होतं ते. ६ तारखेला तिने स्कॉटलंडमधल्या बाल्मोरलच्या वाड्यात नव्या पंतप्रधान लिझ ट्रस यांची नेमणूक केली होती. एका हातात काठी, अंगात साधं कार्डिगन आणि दुसऱ्या हातावर तो काळानिळा डाग. आमच्या घरात दुखणी पाहिलेली. तो फोटो बघून मामंजी मंगळवारीच गप्प झाले होते.

पेठकर :
पुणे. जेवून शतपावली करत होतो. रात्रीचे अकरा वाजून गेले असतील. अजिबात काही वाटलं नाही.

वाटायचं कारणही नाही. आमच्या लहानपणी गणेशखिंडीवरून जाताना आजोबा दर वेळी सांगायचे की २२ जून १८९७ ला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून गव्हर्नरच्या बंगल्यावर मेजवानी होती, आणि रँडसाहेब तिथून परतताना चापेकरांनी त्याला इथेच गाठलं. तो बंगला आज विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. राणी म्हटलं की आमच्या घरात ही गोष्ट निघते.

पण वडिलांना सांगायला गेलो. ते ९२ चे आहेत. जागेच होते. थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "तिच्या बापाच्या राज्याभिषेकाचा पेढा खाल्लाय मी." म्हणजे सहाव्या जॉर्जचा, १९३७ सालचा. शाळेत रांग लावून वाटले होते म्हणे. आजोबांनी घरी आल्यावर विचारलं, खाल्लास का? हे हो म्हणाले तर एक थोबाडीत बसली. पंच्याऐंशी वर्षांत ही गोष्ट त्यांनी मला पहिल्यांदा सांगितली. मी विचारलं, पेढा कसा होता? म्हणाले, चांगला होता.

नुसताच वाचक :
गुडगावात राहतो. त्या संध्याकाळी टीव्हीवर दिल्लीतल्या राजपथाचं कर्तव्यपथ झालेलं पाहत होतो. इंग्रजांच्या काळात त्याचं नाव किंग्जवे. तिथल्या छत्रीखाली १९६८ पर्यंत पाचव्या जॉर्जचा पुतळा होता, म्हणजे हिच्या आजोबांचा. त्या छत्रीत त्या दिवशी नेताजी उभे राहिले. सोहळा बघून आंघोळ केली, जेवलो आणि अकराला ही बातमी. एखाद्या कादंबरीत असा योग घातला असता तर संपादकाने कापला असता.

रात्रपाळी :
मी रांगेत होते. हो, राणीच्या शवपेटीच्या दर्शनाच्या त्याच रांगेत.

परिचारिका आहे, लंडनमध्ये एकोणीस वर्षं. जायचं ठरलं नव्हतं. गुरुवारी, १५ तारखेला, सुट्टी होती आणि झोप येत नव्हती, रात्रपाळीवाल्यांना ते नवं नाही. दहा वाजता बर्मंडसीला शेपूट सापडलं. मनगटाला नंबराची पट्टी बांधली, म्हणजे मध्ये कॉफीला किंवा मोरीवर जाऊन परत आपल्या जागी येता येतं. मी लालबागजवळ वाढलेली. नवसाच्या रांगेत आईने आम्हाला दोरीसारखं धरून ठेवलेलं आठवतं, त्यामुळे ही शिस्त मला जरा संशयास्पदच वाटली. कोणी घुसेना, कोणी ढकलेना. पुढे वेल्सहून आलेले एक निवृत्त सैनिक, कोटावर पदकं. मागे मूळच्या नायजेरियाच्या एक बाई, त्यांनी पहिल्या तासातच माझ्या लग्नाची, पगाराची आणि गुडघ्यांची चौकशी केली. अगदी आपल्यातल्या. मी बेसनाचे लाडू नेले होते. आत खायचं काही नेता येत नाही, हे कळल्यावर दोघांनी मिळून संपवले.

टॉवर ब्रिज, ग्लोब, नॅशनल थिएटर करत पहाटे पार्लमेंटच्या समोरच्या काठाला आलो. तिथे ती कोविडची भिंत आहे. माणूस गेलं की एक लाल बदाम, असे दीड लाखाच्या वर. रांग त्या भिंतीला लागून हळूहळू सरकते, त्यामुळे नावं वाचावीच लागतात. २०२० मध्ये मी अतिदक्षता विभागात होते. काही नावं ओळखीची असतील म्हणून नजर खाली ठेवली. माझ्या आजीचं नाव तिथे नाही, ती मे २०२१ मध्ये मिरजेत गेली आणि मी ते फोनवर पाहिलं. रडू आलं ते तिथे. सैनिकबुवांनी काही विचारलं नाही, नुसता रुमाल पुढे केला.

मग पूल ओलांडून बागेतली नागमोडी रांग. पार्लमेंट हाताला लागेल इतकं जवळ आणि तरी पायांना संपता संपेना. आतमध्ये वेस्टमिन्स्टर हॉल, नऊशे वर्षांचा, आणि इतकी शांतता की पहारा बदलताना काठी आपटली त्याने दचकायला झालं. शवपेटीवर मुकुट. लोक मान लववत होते, काही बायका गुडघ्यात वाकून अभिवादन करत होत्या. माझे हात आपोआप जुळले. चारपाच सेकंद. बाहेर आठ वाजले होते. मी घरी जाऊन झोपले, आणि थोड्याच वेळाने रांग भरली म्हणून नव्या लोकांना घेणं थांबवलं, असं नंतर कळलं.

कारकून :
मुंबई, सरकारी नोकरी, त्यामुळे जास्त लिहीत नाही. ११ तारखेला देशभर एक दिवसाचा दुखवटा होता. रविवार असूनही झेंडा अर्ध्यावर आणायला मी आणि शिपाई असे दोघेच गेलो. शिपायाने विचारलं, "साहेब, आपलं कोण गेलं?" मी सांगितलं. तो म्हणाला, "बरं." आणि दोरी ओढली. त्याच्या नऊ दिवस आधी कोचीला नौदलाच्या ध्वजावरचा इंग्रजांचा क्रॉस काढून शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी मुद्रा आली होती. तेव्हा आम्ही ऑफिसात पेढे वाटले होते.

तिखटमीठ :
सगळे फार हळवे झालेत म्हणून लिहिते. १९ तारखेला माझ्या नवऱ्याची गुडघ्याची शस्त्रक्रिया होती. चौदा महिने वाट पाहिलेली. राष्ट्रीय सुट्टी जाहीर झाली आणि रुग्णालयातून फोन, नवी तारीख कळवू. अजून कळवली नाही. त्याच दिवशी ठेवलेले साध्या लोकांचे अंत्यविधीसुद्धा काही ठिकाणी पुढे ढकलले गेले. मला राणीबद्दल राग नाही. तिने कधी कोणाचं ऑपरेशन रद्द केलं नसेल. पण त्या आठवड्यात ऑफिसात हे मोठ्याने बोलायची सोय नव्हती, आणि त्याचाच जास्त त्रास झाला. मी काळं जाकीट घालून गेले, सगळ्यांबरोबर मान हलवली आणि घरी येऊन नवऱ्यावर ओरडले.

उपाशी विद्यार्थी :
एडिनबरा. नगरहून येऊन मला जेमतेम दहा दिवस झाले होते, बँकेत खातंसुद्धा उघडलं नव्हतं. ११ तारखेला दुपारी नव्या राजाची द्वाही फिरवली ती बघायला गेलो. गर्दीत एक मुलगी राजेशाहीविरुद्धचा फलक घेऊन उभी होती, तिला पोलीस घेऊन गेले. माझ्याच वयाची असेल. शेजारचे काही लोक टाळ्या वाजवत होते, काही "सोडा तिला" म्हणत होते. मी व्हिसाचा विचार करून दोन पावलं मागे सरकलो, हे खरं सांगतो.

चारनंतर बाल्मोरलहून निघालेली शवपेटी आली. सहा तासांचा प्रवास, वाटेत शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर रांगेत उभे केले होते. रॉयल माइलवर एवढी माणसं आणि कोणी खोकलंसुद्धा नाही. आईला व्हिडिओ पाठवला. तिचा पहिला प्रश्न, "तू स्वेटर का नाही घातलास?"

सिली पॉइंट :
ओव्हल कसोटी. गुरुवार पावसात गेला, शुक्रवारी दुखवट्याचा खेळ नाही, आमचं तिकीट शनिवारचं. आधी मौन, मग राष्ट्रगीत, आणि "क्वीन"च्या जागी "किंग". अख्खं मैदान त्या शब्दाला किंचित अडखळल्यासारखं झालं, किंवा मला तसं वाटलं. पोरगा इथेच जन्मलेला, नऊ वर्षांचा. तो मोठ्याने गात होता, मी नव्हतो गात. त्याने मध्येच माझ्याकडे पाहिलं. त्याला काय उत्तर द्यायचं ते अजून ठरलं नाही, आणि त्याने अजून विचारलेलंही नाही.

गिरगावकरीण :
१९६१ साली ती मुंबईत आली होती तेव्हा मी सात वर्षांची. वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलं. एवढ्या गर्दीतून दिसला तो पांढरा हातमोजा घातलेला एक हात. आणि मी घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं की राणीच्या बागेची मालकीण आली होती! ती बाग हिच्या खापरपणजीच्या नावाची, आता जिजाबाईंच्या नावाची, हे फार पुढे कळलं. पण बातमी ऐकली तेव्हा मला आधी वडिलांचे खांदे आठवले. घामाचा वास आणि धुतलेला सदरा.

आमच्या डबेवाल्यांना मात्र खरंच वाईट वाटलं. चार्ल्स २००३ मध्ये चर्चगेटला त्यांना भेटून गेला होता आणि २००५ च्या लग्नाला त्यांच्यातल्या दोघांना बोलावणं होतं. इकडून नऊवारी आणि फेटा गेला होता. घरोबा म्हणजे घरोबा.

लेस्टरची मामी :
सोमवारी सकाळपासून टीव्ही. सासूबाई ८९ च्या, इंग्रजी येत नाही, पण हलायला तयार नाहीत. पितृपक्ष चालू, त्यात ती नवमी. सासूबाईंनी हिशोब केला की नवरा आधीच गेला, म्हणजे अविधवा नवमी हिला नाही. फिलिपच्या वेळी कोविडच्या नियमांमुळे ही एकटीच काळा मास्क लावून बसली होती, ते त्यांना पक्कं आठवत होतं. त्याच वर्षी आमचे सासरे गेले आणि आम्हीही मोजकीच माणसं होतो.

दुपारी विंडसरला तिचं ते काळं तट्टू रस्त्याकडेला उभं होतं आणि दोन कुत्री. सासूबाईंनी पहिल्यांदा डोळ्याला पदर लावला तो तट्टाला बघून. मग चर्चमध्ये शवपेटीवरून राजदंड, गोल आणि मुकुट एकेक करून उतरवले. सासूबाई म्हणाल्या, "आता आपल्यासारखी झाली." संध्याकाळी पानावर वाढलेली खीर त्यांनी थोडी बाजूला काढून ठेवली. कोणासाठी ते मी विचारलं नाही.

पेठकर :
वडिलांना सगळं वाचून दाखवलं. थोबाडीत बसल्याचं इथे लिहिलं म्हणून आधी माझ्यावर चिडले. रात्रपाळीताईंसाठी त्यांचा एक प्रश्न आहे. रांगेत चहा मिळत होता का?

रात्रपाळी :
मिळत होता काका. कागदी पेल्यात, पाणचट, वर गार दूध.

पेठकर :
मग आपण गेलो नाही ते बरंच झालं, म्हणाले.