अनुभव धागा: महिनाभर ट्रक, एक दिवस मोटारसायकल

तवंदीचा_चढ (निपाणी)

परवा रात्री हत्तरगीच्या टोलनाक्यावर आमचा बाराचाकी ट्रक रांगेत उभा होता आणि कडेच्या मोकळ्या पट्टीतून सहा-सात जुन्या येझदी मोटारसायकली एकापाठोपाठ एक निघून गेल्या. केबिनची काच वर होती, तरी दोन सायलेन्सरांचा तो भरदार आवाज आत आला. माझ्या यजमानांनी मानही न वळवता सांगितले, "तिसरीचा एक सायलेन्सर कार्बननं भरलाय." त्या एका वाक्यासरशी मला तीन वर्षांपूर्वीचा जुलैमधला रविवार आठवला, म्हणून हा धागा काढत आहे.

आमची गाडी राष्ट्रीय परमिटची आहे. अशा गाडीवर पूर्वी दोन चालक असण्याची सक्ती होती. 2018 साली ती निघाली आणि आमच्यासारख्या एकाच गाडीच्या मालकाला दुसऱ्या चालकाचा पगार देणे परवडेनासे झाले. रात्री एकट्याने गाडी चालवताना यांचा डोळा लागला तर, या काळजीने मला घरी झोप येत नसे. मुलगी वसतिगृहात राहायला गेली आणि मी केबिनमध्ये बसू लागले. बिल्टी, म्हणजे मालाची पावती, सांभाळणे, डिझेलचा हिशेब, फास्टॅगमधली शिल्लक बघणे आणि पहाटे तीन ते पाच या वेळात अखंड बोलत राहणे, ही आता माझी कामे आहेत.

घरी सासऱ्यांची येझदी रोडकिंग आहे. म्हैसूरचा तो कारखाना 1996 साली बंद पडला, पण सासऱ्यांनी गाडी विकली नाही. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जगभर जावा-येझदी दिन साजरा होतो. त्या वर्षी बेळगावातही जुन्या गाड्या एकत्र येणार असल्याचे यांना कळले. शनिवारी आम्ही पुण्याहून माल उतरवून आलो होतो, सोमवारी पहाटे पुन्हा लोड होता, मध्ये एकच दिवस होता. मी म्हटले, "महिनाभर रस्त्यावरच असता, एक दिवस तरी पाठ टेका." हे म्हणाले, "उद्या चल तर खरं, मग सांग."

निपाणी सोडली आणि तवंदी घाटाचा चढ सुरू झाला. या चढावर आमची भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये कण्हत चढते, इंजिनाचे तापमान बघता बघता बाहेर बघणे राहून जाते. यांनी स्तवनिधीच्या जैन मंदिरापाशी येझदी थांबवली. तेवीस वर्षे त्या मंदिरावरून गाडी नेणारा हा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या पायऱ्या चढला. भरलेली बाराचाकी उभी करायची म्हणजे आधी जागा हेरावी लागते, मागच्याला इशारा द्यावा लागतो, उतार असेल तर चाकाला दगड लावावा लागतो आणि मनातल्या मनात पोहोचण्याची वेळ पुढे ढकलावी लागते. मोटारसायकल मात्र मनात आले की थांबते. आम्ही त्या दिवशी बेळगावपर्यंत अकरा ठिकाणी थांबलो. एकदा तर केवळ पावसाने धुतलेला उसाचा फड बघण्यासाठी थांबलो.

मेळाव्यात साठ-सत्तर गाड्या असतील. कुणी टाकी पुसत होते, कुणी एकमेकांचे कार्बोरेटर बघत होते. यांना कुणीतरी विचारले, "काम काय करता?" यांनी सांगितल्यावर त्या गृहस्थांनी गाडीच्या किल्लीसकट स्वतःची जावा पुढे केली आणि म्हणाले, "मग तुम्ही हिला जपूनच चालवाल." हे वाक्य यांनी पुढे कितीतरी दिवस जपून ठेवले होते. ट्रकवाल्याच्या हाती विश्वासाने गाडी देणारे लोक आम्हाला रस्त्यावर फारसे भेटत नाहीत.

ज्यांचे पोट ट्रकवर आहे आणि ज्यांनी सुट्टीचा दिवस मोटारसायकलवर काढला आहे, अशांनी आपला अनुभव लिहावा. चालकाने लिहावे, चालकाच्या घरच्यांनीही लिहावे.

पाना_नंबर_चौदा (बेळगाव)

ताई, मी गेली एकवीस वर्षे दुचाकी दुरुस्तीचे काम करतो आणि माझ्याकडे जुन्या येझदी घेऊन येणाऱ्यांत ट्रकचालक बरेच असतात. त्याचे एक कारण मला त्यांच्या हातांत सापडले. वर्षानुवर्षे मोठे स्टेअरिंग धरून डाव्या पंजाची बोटे आखडलेली असतात आणि क्लच दाबताना अंगठ्यापाशी कळ येते. येझदीला गिअर आणि किक यांचा दांडा एकच असतो: आत दाबून वर फिरवला की ती किक होते आणि खाली आणला की गिअर. शिवाय गिअर टाकताना तोच दांडा आतून क्लच सोडवतो, त्यामुळे चालू गाडीत हाताचा क्लच न दाबताही गिअर बदलता येतो. एका चालकाने माझ्या दुकानासमोर हे पहिल्यांदा करून पाहिले आणि डावा हात हँडलवरून उचलून नुसता बघत राहिला.

सायलेन्सर मात्र वेळेवर साफ करून घ्या. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल लिटरमागे साधारण 30 ते 40 मिली एवढेच घाला. जास्त घातले की कार्बन धरतोच.

उगमाजवळची (खानापूर)

मी सध्या कणकुंबीला माहेरी आहे आणि चुलीवर भात ठेवून लिहीत आहे.

आमचे भाडे बहुधा अनमोड घाटातून गोव्यात जाते. 2013 पासून गोव्यात इंडिया बाइक वीक हा मोटारसायकलवाल्यांचा मेळा भरू लागला, तेव्हापासून माझ्या नवऱ्याला तो बघायचा होता, पण त्या दिवसांत भाड्यांची घाई असते आणि आम्ही दरवर्षी घाटातच असायचो. समोरून बुलेटींच्या रांगा जायच्या आणि हे कडेला गाडी दाबून त्यांना वाट द्यायचे. एके वर्षी गाडीचे पाटे (स्प्रिंगा) बदलायला टाकले होते, त्यामुळे तीन दिवस मोकळे मिळाले, आणि आम्ही आमच्या साध्या दीडशे सीसीच्या गाडीवर जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी, म्हापसा असे वागातोरला गेलो.

त्या जत्रेविषयी मी फार लिहिणार नाही, कारण मला ध्यानात राहिला आहे तो चोर्ला घाट. ट्रकच्या केबिनमध्ये आम्ही दोघे एकाच काचेतून बघत असतो, पण आमच्यामध्ये इंजिनाचा उंचवटा आणि गिअरचा दांडा असतो. जेवणाचा डबा द्यायलाही हात लांब करावा लागतो. चोर्ल्यात धुके इतके दाट होते की पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसत होता, आणि लग्नाला चौदा वर्षे झाल्यावर मी त्यांच्या पाठीला गाल टेकवून बसले होते. परतीच्या वाटेवर कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी थांबलो. मलप्रभा तिथेच उगम पावते. ज्या नदीवरचे पूल आम्ही एवढ्या वेळा ओलांडले, तिचे पाणी मी नवऱ्याच्या हातावर ओतले.

त्या प्रवासात मी पहिल्यांदा गाडी स्वतः चालवली. नंतर हलक्या वाहनाचा परवाना काढला, वर्षभर थांबले आणि मग अवजड वाहनाचा परवानाही काढला. नंदुरबारला जन्मलेल्या आणि भोपाळला राहणाऱ्या योगिता रघुवंशी यांनी कायद्याची पदवी असताना पतीच्या निधनानंतर ट्रक चालवायला घेतला, हे मी वाचले होते. त्या वाचण्याचा माझ्या मनावर मोठा परिणाम झाला. आता रामनगरपासून पुढे सपाटीला स्टेअरिंग माझ्याकडे असते आणि हे मागे झोपतात.

हुक्केरीचा_रस्ता (हुक्केरी)

माझी घरची भाषा कन्नड आहे आणि मराठी मी निपाणीच्या तंबाखूच्या गोदामात हमालांकडून शिकलो, म्हणून चूक झाली तर सांभाळून घ्यावे.

मी दहाचाकी चालवतो. बायकोला घेऊन हिडकल धरणापर्यंत बुलेटवाल्यांच्या एका फेरीत गेलो होतो. पुढे चाललेला मराठी, मागचा कन्नड, आणि एक जोडपे गोव्याहून आले होते, त्यांची कोंकणी. सगळ्यांनी हाताच्या खुणाच वापरल्या: डावा हात खाली केला की खड्डा, मूठ वर केली की थांबा. माझ्या बायकोला दुपारपर्यंत सगळ्या खुणा पाठ झाल्या. आता ट्रकमध्येही ती मला खड्डा हातानेच दाखवते.

अथणीकर_लेक (अथणी)

उगमाजवळची ताई, तुम्ही पाठीला गाल टेकवल्याचे वाचून मला आईची आठवण आली. माझे वडील साखरेच्या पोत्यांची गाडी चालवत. आई कधीच केबिनमध्ये बसली नाही, कारण त्या काळी आमच्या गावात ते बरे दिसत नसे. वर्षातून एकदा वडील तिला बुलेटवरून सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला नेत. त्या बुलेटचा गिअर उजव्या आणि ब्रेक डाव्या पायाला होता, आणि आईचे चप्पल दरवेळी ब्रेकच्या दांड्याला घासून झिजे. आमच्या अथणीत चप्पल करणारे घरोघरी, तेव्हा ती परत आल्यावर एकाच पायाचा तळ लावून घेत असे. वडील गेले त्याला सहा वर्षे झाली. ते एका बाजूने झिजलेले चप्पल आईने अजून टाकलेले नाही.

तवंदीचा_चढ (निपाणी)

अथणीकर, आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांची तब्येत कशी आहे? एखादा रविवार जमवून आम्ही अथणीकडे येऊ. त्यांना आवडणार असेल तर येझदीवर एक चक्कर मारून आणू, आणि मागे बसणाऱ्यासाठीचे दुसरे हेल्मेट माझे मी घेऊन येईन.

पाना_नंबर_चौदा, तुमचे म्हणणे यांना वाचून दाखवले. यांनी लगेच डावा पंजा उघडून-मिटून पाहिला आणि काहीच बोलले नाहीत. मला ती कळ माहीतच नव्हती.

रिकामी_ट्रिप (संकेश्वर)

सर्वांचे अनुभव चांगले आहेत, माझा तसा नाही, तरी लिहितो. मी आणि माझी पत्नी दोन वर्षे एका मेळाव्याची वाट बघत होतो. जुनी बुलेट उघडून भरली, टाकी रंगवली, तिने दोघांना रेनकोट शिवून घेतले. निघण्याच्या आदल्या दिवशी एका ट्रान्सपोर्टवाल्याने उरलेले भाडे अडवून ठेवले आणि सांगितले की रविवारी आणखी एक लोड उचललास तरच मागचे पैसे मिळतील. गाडीचा हप्ता पाच तारखेला होता, त्यामुळे मी लोड उचलला. 1961 च्या कायद्यात मोटार वाहतूक कामगाराला दिवसाला आठ आणि आठवड्याला 48 तास काम लिहिले होते, पण स्वतःच मालक आणि स्वतःच चालक असलेल्या माझ्यासारख्याने कुणाकडे दाद मागायची?

ती त्या रविवारी माझ्यासोबत केबिनमध्ये आली. वंटमुरी घाटात मेळाव्याला निघालेल्या गाड्या आम्हाला ओलांडून गेल्या आणि तिने खिडकीतून हात हलवला. सगळ्यांनी हॉर्न वाजवून उत्तर दिले. तिने तो नवा रेनकोट अंगावरच घातलेला होता. मला त्या दिवसाचा राग अजून आहे, आणि तिला नाही, हे मला अजून उमगलेले नाही.

उगमाजवळची (खानापूर)

रिकामी_ट्रिप दादा, या वर्षी मेळाव्याला आमच्याबरोबर चला. आधीच्या आठवड्यात भाडे रोखीने देणारीच ट्रिप घ्या. अशा एक-दोन ठिकाणांची नावे मी तुम्हाला खासगीत कळवते. आणि वैनींना तोच रेनकोट घालायला सांगा.

हुक्केरीचा_रस्ता (हुक्केरी)

मी पण येतो. संकेश्वरच्या फाट्यावर सकाळी सहाला.

गोकाकचा_किन्नर (गोकाक)

मी चालक नाही, अजून किन्नर, म्हणजे गाडीवरचा क्लीनर, आहे, म्हणून लिहू की नको असे वाटत होते. आमच्या गाडीचे उस्ताद आणि काकू दोघेही गाडीवरच राहतात. पुढच्या केबिनला त्यांचा संसार आहे, देवाचा फोटो आहे, तुळस आहे. दरवर्षी उन्हाळ्यात केबिन भट्टीसारखी तापते. नव्या मोठ्या मालवाहू गाड्यांच्या केबिनला 2025 साली एसी सक्तीचा झाला, पण आमची गाडी जुनी आहे. गेल्या मे महिन्यात दोघे मोटारसायकलवर गोकाकच्या धबधब्याला आले होते. धबधब्याला पाणी फारसे नव्हते, तरी काकू झुलत्या पुलाच्या बाजूला वाऱ्यात तासभर बसल्या. जाताना मी त्यांना इथली करदंट मिठाई बांधून दिली. तो तासभर मी खाली त्यांची मोटारसायकल राखत होतो. उस्तादांनी पहिल्यांदाच माझ्याकडे एखादी किल्ली दिली होती.

तवंदीचा_चढ (निपाणी)

बाळा, तू लिहिलेस ते फार बरे केलेस. संकेश्वरच्या फाट्यावर तूही ये, उस्तादांना आणि काकूंना घेऊन ये.

आता रजा घेते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून कास्टिंगचा लोड मिळाला आहे, पहाटे चारला होसूरकडे निघायचे आहे. ताडपत्री बांधून झाली, रस्से आवळून झाले. हे आत्ता अंगणात कंदिलाच्या उजेडात येझदीचा सायलेन्सर खोलून बसले आहेत आणि आतली काजळी वर्तमानपत्रावर खरवडत आहेत. झोपा म्हणून दोनदा सांगितले. येझदी धाकट्या दिरांकडे ठेवून जातो. दर गुरुवारी एकदा किक मारायची, एवढेच त्यांना सांगितले आहे.