मराठी गेम आणि वेलांटीचा घोळ
"इंग्रजी गेमचं भाषांतर केलं की झाला मराठी गेम" असं कुणीतरी लिहिलेलं वाचून हसू आलं. आम्ही तिघांनी युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मेंढीकोट हा पत्त्यांचा खेळ बनवला. युनिटीतल्या टेक्स्टमेशप्रोला, म्हणजे पडद्यावर अक्षरं दाखवणाऱ्या भागाला, देवनागरी आपणहून जुळवता येत नाही. 'जिंकलात'ची पहिली वेलांटी ज सोडून पलीकडे जाऊन बसायची, 'पत्ते'मधला पहिला त पाय मोडून उभा! शेवटी बटणांवरचा सगळा मजकूर चित्रं म्हणून टाकला. पण खेळणाऱ्याने स्वतःचं नाव 'किर्ती' टाकलं, तर त्याचं चित्र आधीच कुठून आणणार? दोन महिने त्यातच गेले.

आणि एवढं करून गावाकडून आलेली पहिली तक्रार काय, तर "बंद हुकूम का नाही ठेवला?" (म्हणजे हुकमाचं पान झाकून ठेवून खेळायची पद्धत.) अक्षरांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.