'अलीजन्स': नजरकैद, स्थानबद्धता की आणखी काही?

— 'अलीजन्स' या ब्रॉडवेवर २०१५ साली आलेल्या म्युझिकलची ओळख मराठीत लिहितोय. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनासचं जपानी वंशाचं किमुरा कुटुंब. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर त्यांना शेत सोडायला लावून वायोमिंगमधल्या हार्ट माउंटनच्या छावणीत नेतात. याला 'नजरकैद' चालेल का?

— नको. नजरकैदेतला माणूस बहुधा घरातच असतो, दारात पोलीस. इथे घरच सुटलं. ज्यांच्या लहानपणावरून हे नाटक सुचलं ते अभिनेते जॉर्ज ताकेई तेव्हा पाच वर्षांचे होते. त्यांच्या कुटुंबाला आधी सांता अनिता रेसकोर्सच्या तबेल्यात ठेवलं होतं. 'स्थानबद्ध' बघा. सावरकर रत्नागिरीत, गांधीजी आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध होते, असं आपण म्हणतोच.

— पण त्यात हुकूम माणसाच्या नावाने निघतो. अध्यक्ष रूझवेल्टच्या १९ फेब्रुवारी १९४२ च्या ९०६६ क्रमांकाच्या आदेशात 'जपानी' हा शब्दसुद्धा नाही! लष्कराने ठरवलेल्या भागातून कुणालाही हलवायची मुभा, एवढंच. त्यावर सुमारे १,२०,००० माणसं उचलली, त्यातली दोन तृतीयांश अमेरिकेचीच नागरिक. युद्धात परक्या देशाच्या लोकांना अडकवणं निराळं. पुरंदरावर जर्मन कुटुंबं ठेवली होती, त्यांना खुशाल स्थानबद्ध म्हणा. आपल्याच नागरिकांना पोराबाळांसकट काटेरी तारेमागे घातलं, तर मी सरळ 'छावणीत डांबलं' म्हणेन. आणि सरकारी कागदांतलं ते गुळमुळीत 'स्थलांतर केंद्र' मराठीत आणू नका, हात जोडतो.

— क्रियापद पटलं. नाम हवं असेल तिथे 'छावणीतला बंदिवास' लिहीन. शीर्षकाचं काय? 'राजनिष्ठा'?

— छे, नुसतं 'निष्ठा'. छावणीतल्या लोकांकडून भरून घेतलेल्या १९४३ च्या प्रश्नावलीतला २८ वा प्रश्न आठवा: अमेरिकेशी निष्ठा राखाल का आणि जपानच्या सम्राटाशी असलेली सोडाल का? दुसऱ्या अर्ध्याला राजनिष्ठा शोभेल, पहिल्याला नाही. शिवाय जपानहून आलेल्या पहिल्या पिढीला अमेरिकेचं नागरिकत्वच मिळत नव्हतं. 'हो' म्हणावं तर जपानचंही जायची भीती. नाटकातला बाप 'नाही' लिहितो, मुलगा सॅमी फौजेत जातो. भांडण एकाच फॉर्मवरून.

— 'गामान' या जपानी नावाच्या गाण्याचं 'सहनशीलता' करावं का?

— सहनशीलता शाळेच्या प्रगतिपुस्तकातली वाटते. गामान तसंच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'ब्र न काढता सोसणं' एवढं पुढे लिहा.