मदत हवी आहे: अमाइनला फेस येतो, मिथेन बसत नाही

नमस्कार मंडळी. आमचा दारव्ह्याकडं शेण अन् नेपियर गवतावरचा सीबीजी (शुद्ध करून दाबलेला बायोगॅस) प्लांट आहे. गॅस धुवायला ४५ टक्के एमडीईए (अमाइन, म्हणजे नको ते वायू शोषणारं रसायन) वापरतो. हे एच-टू-एस (गंधकाचा वायू) पटकन धरते, सीओटूला मात्र सुस्त, म्हणून वेग वाढवायला सोबत पिपेराझिन. आता टॉवरच्या काचेत ताकावानी फेस चढतो अन् मिथेन ९० टक्क्यांखाली जाते. रिबॉयलर (द्रावण तापवून धरलेला गॅस सोडवणारं भांडं) ११८ अंशांवर आहे, तिथं गडबड वाटत नाही. द्रावण तपकिरी पडलं आहे. पुरवठादार म्हणतो, पूर्ण बदला (त्याचं काय जाते!). गंधक कमी करायला डायजेस्टरमध्ये (शेण-गवत कुजवायच्या टाकीत) थोडी हवा सोडतो. त्यातल्या ऑक्सिजननंच अमाइन बिघडलं असेल का? कार्बन फिल्टर बदलून, अँटिफोम (फेस मारणारं रसायन) टाकून भागेल? नागपूर-अमरावतीकडं द्रावण तपासून देणारी लॅब कुणाला माहीत आहे काय?