रॅम्प मोडण्याआधी घसरतो

गाडीखाली शिरून काम करण्यासाठी तिची दोन चाके ज्या उतरत्या ठोकळ्यांवर चढवतात, त्या रॅम्पबद्दल एक गणित मांडले जाते: जोडीची क्षमता २ टन आणि गाडी १ टनाची, म्हणून कोणताही रॅम्प चालेल. वजनापुरते ते मान्य आहे. इंजिन पुढे असलेल्या फ्रंट व्हील ड्राइव्ह (इंजिन पुढची चाके फिरवते अशा) गाडीत साधारण ६० टक्के भार पुढच्या चाकांवर असतो, म्हणजे एकेका रॅम्पवर जेमतेम ३०० किलो येतात. मात्र खरा धोका रॅम्प मोडण्याचा नसून घसरण्याचा आहे. आमच्या पार्किंगमधल्या गुळगुळीत फरशीवर मी पहिल्यांदा गाडी चढवू लागलो, तेव्हा चाक वर जाण्याऐवजी उजवा रॅम्पच हातभर पुढे सरकला आणि गाडी तिरकी होऊन थांबली. तेव्हापासून मी रॅम्पखाली जाड रबरी मॅट घातल्याशिवाय गाडीला हात लावत नाही. खरेदी करताना चढाची लांबीही मोजावी: उंची १६ सेंमी आणि पायथ्याची लांबी ६० सेंमी असेल, तर कोन सुमारे १५ अंशांचा होतो आणि बुटक्या सेडानचा बंपर चाकाआधीच रॅम्पला लागू शकतो.

आणखी एक, आणि हे कळकळीने सांगतो: बहुतेक गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. त्यामुळे फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीची मागची बाजू रॅम्पवर चढवली, तर जमिनीवरची पुढची चाके केवळ गिअरच्या भरवशावर राहतात. तिथे दोन्ही बाजूंनी घट्ट पाचरी ठोकल्याखेरीज कोणीही गाडीखाली शिरू नये.