फ्रँकफर्टजवळच्या अमेरिकन डायनरमध्ये जेवायचं आमंत्रण, काका पक्के शाकाहारी. काय करावं?

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड
नमस्कार मंडळी. आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. जानेवारीत मी आणि काका फ्रँकफर्टच्या हाईमटेक्स्टील या घरगुती कापडाच्या प्रदर्शनाला निघालोय. तारखा नेमक्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत आल्यात, अक्षता सोहळा चुकणार म्हणून काका आधीच तापलेत. त्यात तिथल्या जुन्या गिऱ्हाइकाचा मेल आला: एका संध्याकाळी गावाबाहेरच्या अमेरिकन डायनरमध्ये जेवू या. त्याला पन्नासच्या दशकातल्या गाड्यांचं आणि गाण्यांचं वेड आहे. फोटो बघितले. लाल रेक्झिनची बाकडी, काळ्यापांढऱ्या चौकड्यांची फरशी, निऑनची पाटी, दारात कॅडिलॅक. काका म्हणाले, "जर्मनीला जाऊन अमेरिकेचं हॉटेल कशाला बघायचं?" मला उत्तर सुचलं नाही. आम्ही लिंगायत, काका अंडंसुद्धा खात नाहीत. तिथं ते खातील काय? आणि नको म्हटलं तर गिऱ्हाईक दुखावेल का?

होटगीरोडकर
नको कशाला म्हणता ओ, जावा की! मी निर्यातीच्या कामात होतो, आता घरी बसून नातवंडं सांभाळतोय, तेव्हा सविस्तर लिहितो.

काकांचा प्रश्न बरोबर आहे, पण उत्तर त्या भागातच आहे. युद्धानंतर अमेरिकेची फौज तिथं दोन पिढ्या मुक्कामाला होती. फ्रँकफर्टमध्ये आयजी फार्बेन कंपनीची भली मोठी इमारत त्यांच्या ताब्यात होती, १९९५ साली सोडली. आता तिथं गोएथे विद्यापीठ भरतंय. वीसबाडेनला तर फौज आजही आहे. अमेरिकन गायक एल्विस प्रेस्ली सैन्यात असताना १९५८ ते १९६० त्याच भागात होता, छावणी फ्रीडबर्गची आणि राहायला शेजारच्या बाड नाउहाइमला. फ्रीडबर्गमध्ये रस्ता ओलांडायच्या सिग्नलवर लाल दिव्यात एल्विस माइकपुढं उभा, हिरव्यात नाचतोय. म्हणजे तुमच्या गिऱ्हाइकाला ते हॉटेल परक्या देशाचं वाटतच नसणार. त्याच्या बापानं तरुणपणी ऐकलेली गाणी आहेत ती, त्याच्याच गावातली. एक दिवस मोकळा असेल तर फ्रीडबर्गला जाऊन या, फ्रँकफर्टहून लोकल जाते.

खरा डायनर मात्र एवढा चकाचक नव्हता. १८७२ साली प्रॉव्हिडन्स गावात वॉल्टर स्कॉट नावाचा माणूस वर्तमानपत्राच्या कचेरीपुढं घोडागाडी लावून रात्रपाळीवाल्यांना खायला विकायचा. आपल्या मिलच्या गेटवर पाळी सुटायच्या वेळेला गाड्या लागायच्या, तोच धंदा. पुढं न्यू जर्सीत वगैरे कारखाने निघाले, अख्खं हॉटेल बांधून, आगगाडीवर किंवा ट्रकवर चढवून जागेवर नेऊन ठेवायचे. म्हणून ते अरुंद आणि लांबुळकं. लोकांना वाटतं रेल्वेचे जुने डबे आहेत, बहुतेक नसतात.

कोपऱ्यात वुर्लिट्झरचा ज्यूकबॉक्स, म्हणजे नाणं टाकून गाणी वाजवायचं यंत्र, असेल तर काकांना सांगून ठेवा: कंपनी अमेरिकेची, १८५३ ची, पण काढणारा रुडॉल्फ वुर्लिट्झर जर्मनीतल्या सॅक्सनीचा. हे काकांनी टेबलावर बोलून दाखवलं की पुढच्या ऑर्डरचं बोलणं सोपं. मी आपला धंद्याचा माणूस.

संशयी_सुभाष
सगळा देखावा आहे. प्लॅस्टिकची जुनी आठवण विकतात आणि बर्गरचे दुप्पट पैसे लावतात. फ्रँकफर्ट स्टेशनजवळ भारतीय हॉटेलं आहेत, गिऱ्हाइकालाच तिकडं न्या.

वैशाली_डार्मस्टाट
सुभाषदादा, आमंत्रण त्याचं आहे, जागा आपण कशी बदलायची?

मी जुळे सोलापूरची, लग्नानंतर इकडे जर्मनीत. काकांसाठी सांगते. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणू नका, त्यात अंडं चालतं. 'व्हेगन' म्हणा, म्हणजे दूध जाईल पण अंड्याची धास्ती मिटेल. व्हेज बर्गर दिसला तरी पाव विचारा, ब्रिओश असेल तर त्यात अंडं. कोलस्लॉमध्ये मेयॉनीज. पॅनकेकमध्ये अंडं, आणि तो भाजतात त्याच तव्यावर बेकन, म्हणजे डुकराचं मांस. बेकनला इथं 'श्पेक' म्हणतात, हा शब्द पाठच करा. मेन्यूत पदार्थापुढं बारीक अक्षरं किंवा आकडे असतात, ते अ‍ॅलर्जीचे. शेवटच्या पानावर खुलासा असतो, अंड्याचं चिन्ह तिथं बघून घ्या. माझा हा सगळ्यात भरवशाचा उपाय.

खाण्यासारखं: ओव्हनमधला अख्खा बटाटा, मक्याचं कणीस, आणि 'चिली सिन कार्ने' (बिनमांसाची) असेल तर उत्तम, राजम्याचीच भाजी ती. 'कॉन कार्ने' (मांसाची) आलं तर परत पाठवा. फ्रेंच फ्राइजचं तेल चिकन तळलेलंच असतं का ते विचारा, बऱ्याच ठिकाणी असतं. साधं पाणीसुद्धा विकत मिळतं, काकांना आधीच सांगा, नाहीतर बिलावरून तिथंच सुरू होतील.

पार्कचौक_पोरगा
रूट बियर (दारू नव्हे, अमेरिकन शीतपेय) मागवू नका बे! त्यात विंटरग्रीनचा वास असतो, कंबरेला चोळायच्या बामात तेच असतं. माझ्या मित्रानं एक घोट घेतला आणि बाटलीचा वास घेत बसला. माल्टेड शेक घ्या, त्यातलं माल्टेड मिल्क म्हणजे आपलं हॉर्लिक्स. हॉर्लिक बंधू अमेरिकेत जाऊन रसीन गावात ते बनवायला लागले, पेटंट १८८३ चं.

वैशाली_डार्मस्टाट
शेकच्या आइस्क्रीममध्येही अंड्याचा बलक असू शकतो. अक्षरं बघा.

टॉवेलवाला_अक्कलकोटरोड
काकांना सगळं वाचून दाखवलं. एल्विसपाशी "हं" म्हणाले, हॉर्लिक्सपाशी चष्मा काढला. यायला तयार आहेत, पण शेंगाचटणी आणि कडक भाकरी पिशवीत घेणार म्हणतात. डायनरमध्ये काढली तर चालेल का? आणि बिल कुणी द्यायचं?

होटगीरोडकर
भाकरी हॉटेलच्या खोलीवर, निघायच्या आधी खाऊन घ्या. टेबलावर नको. चटणीची पुडी मात्र गिऱ्हाइकाला भेट द्या, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी नाही ना तेवढं विचारून. बिल आमंत्रण देणारा देतो, ओढाताण करू नका, त्यांना ती आवडत नाही. तुम्ही दिलंत तर टीप टेबलावर ठेवून उठायचं नाही. वेटर पैसे घ्यायला आला की टीप धरून पूर्ण आकडा सांगायचा, दहा टक्क्यांच्या आत पुरे. आणि खिशात रोख युरो ठेवा, गावाबाहेरच्या जागी कार्ड चालेलच असं नाही.